गाडीवरचा मासा आणि 'इख्थिस' हा शब्द

अमेरिकेतील एका वाचकांनी विचारले आहे की, तिथल्या मोटारींच्या मागे दोन वक्र रेषांनी काढलेला मासा दिसतो आणि कधी कधी त्याच्या पोटात पाच ग्रीक अक्षरेही असतात, त्यांचा अर्थ काय?

ती अक्षरे 'इख्थिस' अशी वाचावीत. प्राचीन ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ मासा; पण गाडीवर तो लावणाऱ्याच्या मनात असते ते 'इएसूस ख्रिस्तोस थेऊ हुइओस सोतेर' हे वाक्य, म्हणजे 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा'. या पाच शब्दांची आद्याक्षरे जोडली की माशाचे नाव तयार होते. रोमन लिपीत हा मेळ नीट दिसत नाही, कारण तिथे शब्द सात अक्षरांचा होतो. ग्रीकमध्ये मात्र ख आणि थ या ध्वनींना आपल्यासारखेच एकेक अक्षर आहे, म्हणून मराठीत 'इक्तिस' न लिहिता 'इख्थिस' लिहिणेच योग्य. 'हुइओस'च्या आरंभीच्या 'ह'ला त्या लेखनात स्वतंत्र अक्षर नाही, त्यामुळे त्याचे आद्याक्षर उप्सिलॉन, म्हणजे 'इख्थिस'मधल्या थनंतरचा स्वर, हेच ठरते.

ही योजना बरीच जुनी आहे. इ. स. 200च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन बाप्तिस्म्याविषयी, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणाऱ्या जलसंस्काराविषयी, लिहिताना ख्रिस्ती जनांना, आपल्या 'इख्थिस'प्रमाणे पाण्यात जन्मणारे छोटे मासे म्हणतो. रोममध्ये सापडलेल्या, तिसऱ्या शतकातील लिकिनिया आमियास या स्त्रीच्या समाधिशिलेवर दोन मासे व मध्ये जहाजाचा नांगर कोरलेला असून, बाकीचा लेख लॅटिनमध्ये असताना 'जिवंतांचा मासा' हे शब्द तेवढे ग्रीकमध्ये आहेत. जिची भाषा लॅटिन, तिच्या माणसांनाही हा शब्द ग्रीकमध्येच हवा होता, हे मला फार बोलके वाटते.

रोमन राजवटीत ख्रिस्ती जनांच्या छळाच्या काळात एकाने धुळीत एक रेघ ओढायची आणि दुसऱ्याने दुसरी ओढून मासा पुरा करायचा, ही ओळख पटवण्याची कथा सर्वत्र सांगितली जाते; तिला त्या काळातील लेखी आधार नाही, तेव्हा ती आख्यायिका म्हणूनच सांगावी.

गाड्यांवर हा मासा आला तो 1970च्या दशकात, अमेरिकेतील तरुण ख्रिस्ती चळवळीतून. त्याच माशाला पाय फुटलेले दिसले आणि पोटात 'डार्विन' लिहिलेले असले, तर मात्र ते ख्रिस्ती चिन्ह नव्हे. उत्क्रांतिवादाच्या समर्थकांनी त्याचे केलेले ते विडंबन होय.