पुरवठा साखळी अडते कुठे, ते आधी शोध

प्रिय मित्रा,

एआय हार्डवेअरमध्ये आपला प्रदेश स्वतःच्या पायावर उभा राहावा म्हणून काम करायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. फक्त सुरुवात फॅबपासून, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यापासून, करू नकोस. फॅब सगळ्यांच्या नजरेत भरतो, पण साखळी अडते ती कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या जागी.

एक अ‍ॅक्सिलरेटर बोर्ड, म्हणजे एआयची आकडेमोड करणाऱ्या चिपचा बोर्ड घे आणि त्याच्या सुट्या भागांची यादी, म्हणजे बीओएम, समोर ठेव. प्रत्येक भागापुढे विकणाऱ्याचं नाव लिहून थांबू नकोस. तो भाग ज्या कारखान्यात बनतो त्याचं गाव लिही, मग तिथला कच्चा माल कुठून येतो तेही लिही. तीन-चार पायऱ्या मागे गेलास की वेगवेगळ्या वाटणाऱ्या रेघा एकाच ठिकाणी येऊन मिळायला लागतील. मोठ्या चिपखालच्या सबस्ट्रेटचंच, म्हणजे चिपला बोर्डाशी जोडणाऱ्या पातळ पाटीचंच बघ. सबस्ट्रेट बनवणारे बरेच आहेत, पण त्यातली एबीएफ ही इन्सुलेशनची फिल्म जवळपास सगळी जपानच्या अजिनोमोटोकडून येते. एचबीएम, म्हणजे एआय चिपशेजारी बसणारी वेगवान मेमरी, बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: एसके हायनिक्स, सॅमसंग आणि मायक्रॉन.

‘दुसरा पुरवठादार आहे’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. जुलै २०१९ मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीन वस्तूंच्या निर्यातीचे नियम कडक केले: फोटोरेझिस्ट (सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, नक्षी उमटवायचं प्रकाशसंवेदी रसायन), हायड्रोजन फ्लोराइड आणि फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड. हायड्रोजन फ्लोराइड घरी बनवण्यात कोरियाने चांगली मजल मारली. ईयूव्ही, म्हणजे अतिबारीक नक्षी उमटवणाऱ्या अतिनील प्रकाशाच्या तंत्राला लागणाऱ्या फोटोरेझिस्टसाठी मात्र बेल्जियमचा रस्ता धरला. तिथला कारखाना होता जपानच्याच जेएसआर कंपनीचा, आयमेक या तिथल्या संशोधन संस्थेबरोबर भागीदारीत उभारलेला. निर्यातीची अडचण टळली, पण परावलंबन होतं तिथेच राहिलं.

साठा करून ठेवू, असं कोणी म्हणालं तर माल किती टिकतो ते आधी विचार. गॅलियम धातू वर्षानुवर्षं ठेवता येतो. ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवाना लावला, तेव्हा साठा असणाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ मिळाला. फोटोरेझिस्ट थंड जागी ठेवूनही बहुधा सहा महिने ते वर्षभरच चालतो. मुदत उलटली की त्यात बारीक गाठी धरतात आणि वेफरवर त्यांचे डाग उठतात.

आता हात कुठे घालायचा? पॅकेजिंगमध्ये, म्हणजे तयार चिपा सबस्ट्रेटवर एकत्र जोडण्याच्या कामात, असं माझं ठाम मत आहे. ईयूव्ही मशीन जगात फक्त एएसएमएल बनवते, तिचे आरसे झाइसचे, लेसर ट्रुम्फचा. ही भिंत एका पिढीत चढता येणार नाही. प्रगत पॅकेजिंगचं तंत्रही अवघड आहे, पण ते शिकता येतं. आणि तेच घरी नसेल तर तयार वेफर पुन्हा समुद्रापार पाठवावे लागतात.

तिथे बिघडतं काय, ते नीट समजून घे. सिलिकॉनचा इंटरपोजर, म्हणजे चिपा आणि सबस्ट्रेट यांच्यामधला थर, तापमानाच्या दर अंशाला दहा लाखांत साधारण ३ भाग प्रसरण पावतो, सेंद्रिय सबस्ट्रेट १५. फरक १२ चा. ५० मिलिमीटर लांबीचं पॅकेज रीफ्लोनंतर, म्हणजे सोल्डर वितळवून जोडल्यावर, २०० अंश थंड होताना दोघांच्या आकुंचनात ०.१२ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे मध्यापासून प्रत्येक कडेला ६० मायक्रॉन. मधल्या सोल्डरच्या गोळ्या साधारण १३० मायक्रॉन अंतरावर असतात. पॅकेज वाकतं, कोपऱ्यातले जोड तुटतात. शिवाय आठ एचबीएम बसवायच्या आणि प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी, तरी सगळ्या नीट बसलेली पॅकेजेस ९२ टक्केच. उरलेल्या आठांबरोबर महागडी, चांगली चिपही कचऱ्यात जाते. म्हणून अंडरफिल (चिपखालची फट भरणारा चिकट पदार्थ), वाकण्याची मोजणी आणि जोडणीआधी प्रत्येक चिपची चाचणी, या तीन गोष्टींत तरबेज माणसं तयार होणं यंत्रखरेदीइतकंच महत्त्वाचं आहे.

लहान भागांनाही कमी लेखू नकोस. ७०० वॅटची चिप ०.८ व्होल्टवर चालवायची तर ८७५ अँपिअर लागतात. तो प्रवाह डझनावारी पॉवर स्टेज, म्हणजे व्होल्टेज उतरवून वीज देणाऱ्या छोट्या चिपा, मिळून पुरवतात. त्या आल्या नाहीत तर सगळ्यात महागडी चिप हातात असून बोर्ड उभा राहत नाही. हा भाग जुन्या, मोठ्या नोडवर, म्हणजे कमी बारीक नक्षीच्या तंत्राने बनतो, त्यामुळे प्रादेशिक उत्पादनाला इथे खरी संधी आहे.

नवा पुरवठादार कागदावर आला म्हणून तो पर्याय झाला असं धरू नकोस. चिपांची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या जेईएसडी४७ या मानकाप्रमाणे तीन वेगळ्या लॉटमधले प्रत्येकी ७७ नग चढ्या तापमानाला १००० तास चालवायचे आणि एकही नापास व्हायला नको. नुसती हीच चाचणी सहा आठवडे खाते. बोर्डात बदल, फर्मवेअर, ग्राहकाची मंजुरी धरली की महिने जातात. ही कामं माल मिळत असतानाच उरकायची असतात.

तुझ्या यादीत तीन रकाने वाढव: साठा किती दिवस पुरेल, माल किती दिवस टिकेल आणि पर्याय मंजूर व्हायला किती दिवस लागतील. ज्या ओळीत तिसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा दिसेल, ती लाल कर. पहिल्या वीस लाल ओळी पाठव, त्यांवर एकेक करून बोलू.

सप्रेम आशीर्वाद.