भिंत फोडण्याआधी आवाज नेमका केव्हा येतो ते बघा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की नळ झटकन बंद केला की भिंतीत धप्पकन आवाज होतो, बेसिनचा जुना पितळी नळ अर्धा उघडला की घुमतो, आणि प्लंबर म्हणतो टाइल्स काढून सगळी लाइनच बदला. त्याला एवढ्यात हो म्हणू नका. हे दोन वेगळे आवाज आहेत आणि बहुतेक वेळा दोन्हींचं काम भिंतीला हात न लावता होतं.

आधी बेसिनचा नळ. तो अगदी हळूहळू उघडत जा. ठरावीक जागी घुमायला लागला आणि पूर्ण उघडल्यावर गप्प झाला, तर आतला वायसर सैल झालाय असं समजा. बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे पाणी तोडायचा छोटा वॉल्व्ह, बंद करा, मूठ काढा आणि पान्याने स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा दांडा, सोडवा. पाना लावताना मध्ये फडकं धरा, नाहीतर पॉलिश निघतं. स्पिंडलच्या टोकाला काळी रबरी चकती दिसेल, ती बोटाने हलवून बघा. डुगडुगत असेल तर वाहतं पाणी तिला तशीच थरथरवतं आणि ती थरथर पाइपातून भिंतभर पसरते. बोअरचं पाणी वापरत असाल तर कडेला पांढरा क्षारही साचलेला दिसेल. आमच्या नागपुरात पेंच धरणाच्या नळाच्या पाण्यावरच्या घरांपेक्षा बोअरवाल्या घरांत हा त्रास मी जास्त पाहिलाय. तो क्षार व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून काढा. संडास धुवायचं ॲसिड घालू नका, पितळ खातं. वायसर अर्ध्या इंचाचा मिळतो, किंमत किरकोळ. मात्र तो बसवण्याआधी नळाच्या आत, जिथे तो टेकतो त्या कडेवरून बोट फिरवा. कड खरखरीत लागली तर नवा वायसरही महिनाभरात कापला जाईल. मग नळच बदला.

आता धप्प आवाज. जोरात धावणारं पाणी एकदम अडलं की त्याचा धक्का पाइपाला बसतो. तोच नळ तीन-चार सेकंद घेऊन बंद करा. आवाज आला नाही तर कारण हेच. गच्चीवरची टाकी नळापेक्षा 3 मीटर उंच असेल तर दाब चौरस सेंटीमीटरला जेमतेम 0.3 किलो मिळतो, तेवढ्याने भिंत हादरत नाही. त्यामुळे तुमच्याकडे प्रेशर पंप किंवा थेट लाइन असावी असं मला वाटतं. पंपाचा दाब कमी करा किंवा बाथरूमचा मुख्य वॉल्व्ह थोडा आवळा. मग मागच्या डक्टमधल्या, म्हणजे पाइप जातात त्या मोकळ्या जागेतल्या, पाइपावर हात ठेवा आणि घरच्या कुणाला नळ बंद करायला सांगा. पाइप हाताखाली उडी मारत असेल तर क्लॅम्प सुटलेत. ते आवळताना आत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाला. वॉशिंग मशिन त्याच लाइनवर असेल तर तिचा वॉल्व्हही असाच झटकन बंद होतो, विसरू नका.

एवढं बजावून सांगतोय, कारण नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी मी घाई केली होती. रोज सकाळी नळ आले की भिंतीतून घुंऽऽ असा आवाज. प्लंबरने सांगितलं म्हणून 5 टाइल्स फोडल्या, पाइप बदलला, आवाज तसाच. शेवटी स्टूलवर चढून बाथरूमवरच्या छोट्या टाकीचं झाकण उघडलं. टाकी भरत आली की पाण्याच्या लाटांवर बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या नळाचा, तरंगता गोळा खालीवर नाचत होता आणि त्याची थरथर पाइपातून खाली भिंतीत उतरत होती. मी गोळा हातात धरला, तसा आवाज थांबला. नवा बॉल कॉक लावला, टाकीत येणारा वॉल्व्ह थोडा दाबला, विषय संपला. त्या टाइल्सच्या जोडीच्या टाइल्स मात्र कुठे मिळाल्या नाहीत.

सोलर असेल तर सकाळी गरम पाणी सोडताच भिंतीत टिकटिक ऐकू येईल. ती वेगळी. 3 मीटर सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक, पाइप 40 अंशांनी तापला की सुमारे 8 मिलिमीटर लांबतो आणि भिंतीला घासतो. पाइप गळत नसेल तर ती तशीच राहू द्या.

पंप आहे का आणि मशिन कुठल्या लाइनवर आहे, एवढं कळवा. पुढचं मग सांगतो.