विषाणूच्या आरएनएला चिकटणारं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) डिझाइन करायचंय. भरपूर आर्जिनिन (धनभाराचं अमिनो आम्ल) घालून डॉकिंग केलं, म्हणजे कोण कुठे बसतं ते कॉम्प्युटरवर जुळवून बघितलं, तर भागेल का?

आर्जिनिन वाढवले की बाइंडिंग वाढतं. दुखणं तेच आहे.

नागपुरात एम.एससी.च्या प्रोजेक्टला मी टार या एचआयव्हीच्या आरएनएच्या तुकड्यासाठी ९ आर्जिनिनचं पेप्टाइड घेतलं होतं. मे महिना, कूलर नुसता घरघरतोय, आरएनए बर्फात आणि बर्फाचं बघता बघता पाणी. आरएनए तुटू नये म्हणून डीईपीसीचं पाणी, ग्लव्ह्ज, फिल्टर टिप्स असे सगळे सोपस्कार करून तिसऱ्या दिवशी बाइंडिंगचा कर्व्ह आला, अगदी पुस्तकातला. सरांनी सगळ्या लॅबला तर्री पोहे खाऊ घातले. परत आल्यावर मी उरलेल्या वेल्समध्ये यीस्टचा टीआरएनए, म्हणजे टारशी संबंध नसलेला दुसराच आरएनए, टाकला, टारच्या दहापट. सिग्नल आडवा! पेप्टाइडला टार काय नि टीआरएनए काय, सारखेच. ऋणभार दिसला की बिलगायचं, एवढंच त्याला ठाऊक.

सर म्हणाले, "कायले टाकलं वो ते? पेपर लिहाचा हाये का नाही?" पोस्टरवर पहिलाच कर्व्ह गेला.

आता टारला धरणारं एचआयव्हीचं स्वतःचं टॅट प्रोटीनच बघ. ४९ ते ५७ या नऊ जागांत ६ आर्जिनिन, २ लायसिन, १ ग्लुटामिन. पण टारची ओळख पटवतो तो मुख्यतः ५२ वा आर्जिनिन. तो आत शिरला की टारच्या फुगवट्यातला यू२३ (२३ व्या जागेवरचा यू बेस) वळून ए२७-यू३८ या बेसच्या जोडीला जाऊन मिळतो. म्हणजे खिसा तयार होतो तो पाहुणा आल्यावर. आरएनए ताठ धरून डॉकिंग केलंस तर तो खिसा दिसणारच नाही. आधी आकार ठरव. बीआयव्ही या गाईगुरांच्या विषाणूचा टॅट बीटा-हेअरपिन होऊन, म्हणजे केसांच्या पिनेसारखा दुमडून, आरएनएच्या खाचेत बसतो. त्यावरूनच वरानी आणि रॉबिन्सन या संशोधकांच्या गटांनी टारला नॅनोमोलरमध्ये (म्हणजे अगदी घट्ट) धरणारी चक्रीय पेप्टाइडं बनवली. नुसती आर्जिनिनची माळ ओवून ते जमत नाही.

टीआरएनए फारच ओतला तर चांगलं पेप्टाइडही थोडं ढळतं, असंही सर म्हणाले होते, ते मान्य. पण मी दहापटच टाकला होता! बफरमध्ये मीठ कमी असलं तरी काहीही चिकटतं, तेही तपास. पेशीत शिरतं का, हा पुढचा प्रश्न.

तुझे गाइड सर टीआरएनए मागवून देत नसतील तर शेजारच्या लॅबमध्ये विचार. कुणाच्या तरी डीप फ्रीजमध्ये पडलेला असतोच.