करिअर समुपदेशकांची नोंदवही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या करिअर समुपदेशकांनी स्वतःहून एक सामाईक नोंदवही, म्हणजे ठरलेले नियम पाळणाऱ्या समुपदेशकांची यादी, सुरू करावी, असं मागच्या लेखात सुचवलं होतं. त्यावर आलेले काही प्रश्न आज घेतो.

सरकारचा कायदाच नाही, तर आपल्या नोंदवहीला विचारणार कोण? (समुपदेशक, जळगाव)

डॉक्टर-वकिलांची नोंदणी कायद्याने होते. आपल्या कामाला तसा कायदा नाही. दहावी-बारावीचे निकाल लागले की कुणीही बोर्ड लावून बसतो. म्हणूनच तर नोंदवही हवी. ब्रिटनमध्ये ‘करिअर डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट’ ही या व्यावसायिकांचीच संस्था अशी नोंदवही चालवते. तिथे नाव लागायला विषयातली मान्य पात्रता लागते, आचारसंहिता पाळावी लागते आणि दरवर्षी २५ तास नवं काही शिकल्याचं दाखवावं लागतं. नाव घालायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. नियम मात्र नाव घातलेल्या सगळ्यांना सारखे.

संस्था नोंदवायला सात जण पुरतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली न्यास, दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. पण आधी नियम लिहून काढा. अध्यक्ष कोण यावर पहिली बैठक गेली, तर नियम कायमचे मागे राहतील.

मी पालकांकडून फी घेत नाही, कॉलेज मला प्रत्येक ॲडमिशनमागे पैसे देतं. अशांना नोंदवहीत जागा आहे का? (अमळनेर)

नाही. तुम्ही मोकळेपणाने विचारलंत, म्हणून कारणही सविस्तर सांगतो.

यावल तालुक्यातले एक केळीवाले शेतकरी माझ्याकडे आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुलीची फाईल. सीईटीचे गुण पाहिले, जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी प्रयत्न करण्यासारखे होते. मग ऑप्शन फॉर्मची, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या अर्जाची, प्रिंट उघडली. पहिल्या क्रमांकावर एक खासगी कॉलेज, शासकीय कॉलेज पार खाली. फॉर्म ‘सरांनी’ भरून दिला होता, फुकट. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्या बंद. तसंच झालं होतं. वडील एवढंच म्हणाले, ‘‘आमले काय समजस साहेब, त्यानी सांगं, आमी सही करी.’’

फी घेतली नाही म्हणून सल्ला फुकट होत नाही. कमिशनचा पैसा पुढे चार वर्षं त्याच घरातून जातो. ‘कमिशन घेतो, पण पालकांना सांगतो’ ही पळवाटही मला मान्य नाही. सांगितलं तरी समोरच्या माणसाकडे ते तोलण्याचं साधन नसतं. पालकांकडून रास्त फी घ्या, पावती द्या. कमिशन सोडून वर्ष झालं की अर्ज करा, दार उघडं आहे.

माझ्याकडे समुपदेशनाची पदवी नाही, पण वीस वर्षं आश्रमशाळेतल्या मुलांना मार्गदर्शन करते. (शिक्षिका, धडगाव)

ताई, तुमच्याशिवाय ही नोंदवही अपुरी राहील. सुरुवातीला उमेदवार, म्हणजे शिकाऊ, म्हणून नाव घालावं, ज्येष्ठ समुपदेशकाने तुमची काही सत्रं प्रत्यक्ष बसून पाहावीत आणि ठरलेल्या मुदतीत पात्रता पूर्ण व्हावी, असं मी सुचवेन. एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा शिक्षकांना सोयीचा आहे. त्याचा बराचसा भाग घरूनच करता येतो. शिवाय प्रत्येक नावापुढे भाषा लिहिलेली असावी : अहिराणी, पावरी, भिली. सातपुड्यातल्या मुलाशी त्याच्या भाषेत बोलता येणं हीसुद्धा पात्रताच आहे.

बोटांच्या ठशांवरून कल सांगणारं मशीन घेतलंय. चालेल? (भुसावळ)

चालणार नाही. त्याला शास्त्रीय आधार नाही. आधी घेतलेले रिपोर्टही पालकांना बोलावून मागे घ्या.

तक्रार आली तर? आपलीच माणसं आपल्याच माणसाला काढतील? (चाळीसगाव)

मला सर्वांत जास्त काळजी याच प्रश्नाची आहे. तक्रार समिती तिघांची असावी आणि त्यातले दोघे आपल्या व्यवसायाबाहेरचे : एक पालक, एक निवृत्त मुख्याध्यापक. तक्रार अहिराणीत, तोंडी सांगितली तरी लिहून घ्यावी. निकालाची मुदत साठ दिवस. नाव काढलं तर यादीतून गुपचूप गाळू नये. नाव, तारीख आणि कारण तिथेच दिसत राहावं. तक्रारदार मुलाचं नाव मात्र कुठेही येता कामा नये.