वाचकांचे प्रश्न: जंपिंग स्टिल्ट्स घेताय? आधी वजन करा, मग पडायला शिका

या वेळी जंपिंग स्टिल्ट्सवर इतके प्रश्न आलेत की सगळं सदर त्यालाच दिलंय. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: पायाला बांधायचे धातूचे सांगाडे, मागे फायबरग्लासची वाकलेली जाड पट्टी म्हणजे तीच स्प्रिंग, आणि खाली रबराचा छोटासा खूर. जर्मनीच्या अलेक्झांडर बॉक यांनी हे ‘पॉवरस्किप’ नावाने काढलं, आणि आता बऱ्याच कंपन्यांचे ऑनलाइन मिळतात.

प्रश्न: माझं वजन ८२ किलो, मुलीचं ५४. दोघांनाही शिकायचंय. ७०-९० ची एकच जोडी घेतली तर दोघांना चालेल ना? बूट अ‍ॅडजस्ट होतात असं विक्रेता म्हणतो. (नाशिक)

नाही चालणार, आणि हे अगदी कळकळीने सांगते कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. बूट अ‍ॅडजस्ट होतात, गुडघ्याखालचा पट्टा वर-खाली होतो, पण स्प्रिंग अ‍ॅडजस्ट होत नाही, ती एका ठराविक वजनासाठीच बनवलेली असते. ट्रकचे पाटे कसे, माल कमी असला की गाडी दणके देते आणि जास्त भरला की पाटा बसतो, तसंच हे. मुलीच्या ५४ किलोला ७०-९० ची पट्टी नीट वाकणारच नाही, प्रत्येक पावलाचा दणका थेट गुडघ्यात आणि कमरेत जाईल, तोल सांभाळणं अवघड होईल ते वेगळंच. उलट तुम्ही तिच्या मापाची घातलीत तर पट्टी गरजेपेक्षा जास्त वाकेल, आणि उडी मारून खाली येताना तुटलीच तर पाय वाचवायला काही उरत नाही.

साधारण ५०-७०, ७०-९०, ९०-११० असे गट असतात, लहान मुलांचे वेगळे, पण कंपनीप्रमाणे आकडे बदलतात, म्हणून त्या मॉडेलचा तक्ता बघूनच घ्या. आणि वजन करताना हेल्मेट, पॅड, बूट, सगळं अंगावर घालून करा. ६९ वगैरे भरत असेल तर वरचा गट घ्या, उडी थोडी कमी जाईल, नवशिक्याचं त्यात काही नुकसान नाही. पण ‘पुढे वजन वाढेलच’ म्हणून वाढत्या मापाचा फ्रॉक घेतात तसं पंधरा किलो पुढचं मुलांना घेऊ नका, प्लीज.

प्रश्न: माझं आजोळ छत्तीसगडला, हरेलीच्या सणाला गेडीवर (पाय ठेवून चालायचे उंच बांबू) चढून गावभर फिरायचो. मग हे मला लगेच जमेल का? (गोंदिया)

उंचीची भीती गेलेली असणार, तेवढा फायदा नक्की. पण एक फरक फार मोठा आहे. गेडीवर तोल गेला की माणूस बांबू सोडून खाली उडी मारतो. इथे पाय पट्ट्यांनी आवळलेला असतो, सुटका नाही, पडायचं ते स्टिल्ट्ससकट. शिवाय गेडी उसळत नाही.

म्हणून उड्यांच्या आधी पडायला शिका. पडायचं नेहमी पुढे, आधी गुडघ्यांवर, मग कोपर आणि हातावर, आणि म्हणूनच स्केटिंगचे कडक वाटीचे नी-पॅड, कोपराचे पॅड, मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट हे सगळं लागतंच, यातलं एकही ‘नंतर घेऊ’ नाही. मागे पडलात तर माकडहाड, मनगट नाहीतर डोकं. आधी स्टिल्ट्स न घालता फक्त पॅड घालून गादीवर पुढे गुडघ्यांवर पडायची सवय करा, अंगात बसली पाहिजे ती.

पहिल्यांदा घालताना उंच कठड्यावर किंवा टेबलावर बसून घाला, दोन्ही बाजूंना एकेक धडधाकट माणूस हवा. उभं राहिलात की स्थिर थांबायचा प्रयत्नच करू नका, खूर एवढासा असतो की त्यावर थांबता येत नाही, जागच्या जागी पावलं टाकत राहा. गुडघे थोडे वाकलेले, वजन किंचित पुढे, नजर समोर. खाली पायाकडे बघितलं की तोल गेलाच, आणि घाबरून मागे झुकणं ही सगळ्यांचीच पहिली चूक. आधाराशिवाय चालता, वळता आणि थांबता (म्हणजे कशाला तरी धरून थांबता) आलं की मगच हलक्या उड्या.

प्रश्न: सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस केली तर? (पुणे)

टाइल्स असतील किंवा गाड्यांचं ऑइल सांडलेलं असेल तर अजिबात नको, रबर सटकतं. पावसाळ्यात ओलं असेल तर तो दिवस सोडून द्या. मुरमाच्या मैदानावर खडी निसटते, आणि मऊ मातीत खूर रुततो. कोरडं, झाडलेलं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट सगळ्यात बरं. वर पण बघा हं, तुम्ही दीडेक फूट उंच झालेले असता, केबलच्या वायरी आणि झाडाच्या फांद्या डोक्याशी येतात. लहान मुलं जवळ असतील तर त्यांना लांब उभं करा, स्प्रिंग आणि सांध्याच्या मध्ये बोट सापडलं तर फार वाईट दुखापत होते. भटकी कुत्री मागे लागतात तिथे तर जाऊच नका.

प्रश्न: वय ४६, कमरेची गादी सरकलेली आहे, हळूहळू केलं तर? (सांगली)

नको. डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय अजिबात नको.

प्रश्न: सेकंडहँड जोडी निम्म्या किमतीत मिळतेय, काय बघून घेऊ? (ठाणे)

आधी वजनाचा आकडा कुठे लिहिलाय ते बघ. स्टिकर निघालेलं असेल आणि मालकाला सांगता येत नसेल तर तिथेच सोडून दे. मग उजेडात पट्टी बघ, पांढुरक्या रेघा, सुटलेले थर, बोल्टच्या भोकांजवळ तडा, यातलं काही दिसलं तर घेऊ नकोस. कडांवरून कापसाचा बोळा फिरव, धागे अडकले तर तंतू सुटायला लागलेत. नुसता हात फिरवू नकोस, फायबरग्लासची कुसळं बोटात शिरतात. खुराचं रबर झिजून धातू दिसत नाहीये ना, पट्ट्यांची शिवण उसवलेली नाहीये ना, बोल्ट मूळचे आहेत की कोणी जवळच्या वर्कशॉपमधून बसवलेत, हे सगळं विचार. रबर आणि पट्टे बदलून मिळतात, तेवढ्यासाठी सौदा मोडायची गरज नाही. पट्टीत खोट असेल तर मात्र फुकट दिली तरी आणू नकोस.