आहेराच्या यादीत त्याचं नाव

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची, कोथरूडला राहते. सातवीत असताना एका लांबच्या काकाने माझ्याशी जे केलं ते आजवर कुणाला बोलले नाही. आता दादाचं लग्न ठरलंय, आई आहेराची यादी करतेय आणि त्याला शर्टपीस द्यायचा की पाकीट ते मलाच विचारते. दोनदा सांगायला गेले पण घसाच आवळतो. आणि मी तेव्हा ओरडलेही नव्हते, मग कोण विश्वास ठेवणार?

उत्तर : अगं, सातवीतली पोर ओरडत नाही, ती थिजते, मोठ्या बायकाही थिजतात. हे 'ओरडली का नाही' प्रकरण फार जुनं आहे बघ. १९७२ च्या मथुरा प्रकरणात, म्हणजे मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही असं म्हणून पोलिसांना सोडलं, तेव्हा १९७९ मध्ये चार कायद्याच्या प्राध्यापकांनी कोर्टालाच खुलं पत्र लिहिलं, त्यातल्या वसुधा धागमवार आपल्या पुण्याच्या. त्यानंतर खूप आंदोलनं झाली आणि १९८३ ला कायदा बदलला, पीडितेचं नाव छापायला बंदी आली ती तेव्हाच. आणि तू तर १८ च्या आत होतीस, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या पॉक्सो कायद्यात संमती होती का हा मुद्दाच येत नाही.

आता आई. समोर बसवून सगळं सांगायला जाऊ नकोस, मेथी निवडताना सांग, हात कामात असले आणि नजर खाली असली की बोलता येतं. एवढंच म्हण, 'आई, त्याला बोलवू नकोस, लहानपणी त्याने मला त्रास दिलाय, कसला ते तुला कळतंय.' बाकीचं आज नाही सांगितलंस तरी चालेल. ती कदाचित पहिल्यांदा 'तेव्हाच का नाही बोललीस' असंच म्हणेल, लागेल तुला ते, पण आपल्याकडच्या आया घाबरल्या की आधी ओरडतात. लग्न होऊ दे मग बघू म्हणाली तर मात्र ऐकू नकोस. अगदीच नाही जमलं तर आधी मैत्रिणीला सांग, नाहीतर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर.

तक्रार हा वेगळा निर्णय, तो तुझा, घाई नाही. करायचीच ठरली तर कुठल्याही पोलीस स्टेशनला झिरो एफआयआर होतो, म्हणजे गुन्हा त्यांच्या हद्दीतला नसला तरी तक्रार नोंदवून घेतात, जबाब बाई अधिकारी घेते, आणि शिवाजीनगर कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना वकील फुकट मिळतो, पगार कितीही असो.

फक्त आईची लक्ष्मी रोडची खरेदी व्हायच्या आत बोल, तो शर्टपीस घरात यायलाच नको.