डिप्लोमावाला प्रॉडक्शन मॅनेजर होतो का?

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपन्यांत पोरगं ट्रेनी म्हणून लागलं की सहा-आठ महिन्यांत घरात कुरबुर सुरू होते. इंजिनिअर म्हणून शिकवलं, मग हा मशीनवर काय करतोय? अंबड तालुक्यातले बाप-लेक हाच प्रश्न घेऊन माझ्याकडं करिअरच्या सल्ल्यासाठी आले होते. (ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.)

"मॅडम, कापूस विकून डिप्लोमा केला लेकराचा. आता म्हणतंय मॅनेजर व्हायचंय. रात्रभर मशिनीपुढं उभं राहून मॅनेजर होतंय का कुणी? त्यापेक्षा एमपीएससी कर म्हणलं."

स्थळं 'सरकारी आहे का' एवढंच विचारतात, हेही त्यांनी सांगून टाकलं. एमपीएससीत उमेदीची वर्षं घालवून तिशीत माझ्याकडं येणारी मुलं मी बरीच बघते, पण तो विषय वेगळा.

मुलगा मान खाली घालून बसलेला. करिअरचं काही न काढता मी त्याला कालची शिफ्ट कशी गेली ते विचारलं, आणि गडी खुलला. सीएनसीवर (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर) बोअरिंग, म्हणजे आतलं भोक मापात कापायचं काम, होणाऱ्या एका पार्टचं रिजेक्शन वाढलं होतं. सगळे इन्सर्टच्या, म्हणजे कापणाऱ्या टूलच्या टोकाच्या, नावानं ओरडत होते. यानं तासातासाच्या नोंदीचं रजिस्टर मागं मागं चाळलं, तर नापास पीस बहुतेक जेवणाच्या सुट्टीनंतरचे निघाले. मशीन अर्धा तास बंद राहिलं की थंड होतं, पुन्हा तापेपर्यंत माप काही मायक्रॉन सरकतं. ऑपरेटर मामांना विचारलं तर ते म्हणाले, "मला हे कधीचं माहितीय, पण विचारतंय कोण?" मग सुट्टीनंतरचे पहिले पाचही पीस मोजायचे आणि लागेल तसा ऑफसेट द्यायचा (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती भरायची), असं दोघांनी मिळून ठरवलं.

"काका," मी वडिलांना म्हटलं, "प्रॉडक्शन मॅनेजर दिवसभर हेच करतो. फक्त त्याच्याकडं एका मशीनऐवजी कारखान्यातलं सगळं शॉप असतं." टार्गेट, ब्रेकडाउन, माल अडकवून ठेवणारा व्हेंडर, न सांगता दांडी मारणारा कामगार, सगळं त्याच्याच गळ्यात. रविवारीही फोन. आणि जो कधी मशीनवर उभा राहिला नाही, त्याला ऑपरेटर आतलं काही सांगत नाहीत. ट्रेनी, सुपरवायझर, शिफ्ट इन्चार्ज असं चढत जायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. डिप्लोमावर तिथं पोचलेले लोक आहेत, पण मोठ्या कंपन्या वरच्या जागांसाठी बहुधा पदवी मागतात. म्हणून बी.ई. कधीतरी करावी लागेल, हे मी झाकून ठेवलं नाही.

मला स्वतःला काळजी वाटली ती त्याच्या नेमणुकीच्या कागदाची. पत्र ठेकेदाराचं आहे की कंपनीचं, हे दोघांनीही नीट वाचलेलं नव्हतं. मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला, तर एका वर्षाचा अ‍ॅप्रेंटिसशिपचा (शिकाऊ उमेदवारीचा) करार, कंपनीच्याच सहीनं. करारात तसं लिहिलं नसेल, तर मुदत संपल्यावर कायम करायचं बंधन 1961 चा अ‍ॅप्रेंटिस कायदा कंपनीवर घालत नाही. म्हणजे वर्ष संपायची वाट पाहत बसणं धोक्याचं. त्याला म्हटलं, पुढं जागा आहे का ते एचआरला आत्ताच लेखी विचार. रजिस्टरवरून काढलेला तक्ता आधी सुपरवायझरला आणि मग मॅनेजरला दाखव, त्यात मामांचं नाव असू दे. क्वालिटी आणि पीपीसीत (उत्पादनाचं नियोजन करणाऱ्या विभागात) थोडे दिवस बसायला माग. तिथं लाइनचा हिशोब कळतो. हाताशी चिकलठाण्याची इंडो-जर्मन टूल रूम आहेच, सीएनसी प्रोग्रॅमिंग तिथं शिकता येतं.

वडील नाइट शिफ्टला राजी झाले. एमपीएससीचंही नाव आता निघत नाही. मात्र बी.ई.साठी नोकरी सोडून थेट दुसऱ्या वर्षाला जायचं की नोकरी सांभाळून शिकायचं, यावर बाप-लेकाचं अजून जमलेलं नाही. दोघं पुढच्या महिन्यात परत येणार आहेत.